लसीच्या रांगेतली आई

पहिल्या वर्षात सरकारी वेळापत्रकाप्रमाणे बाळाला लसीसाठी निदान पाच वेळा आणावं लागतं: जन्मल्याबरोबर, मग सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात आणि नऊ महिने पुरे झाल्यावर. टोचून होतं, तापाचं औषध मिळतं, कार्डावर पुढची तारीख पडते आणि पुढच्या नंबरची हाक येते. बाळंतपणानंतर त्या बाईची कुठल्याही दवाखान्याशी एवढी हमखास गाठ पुन्हा पडत नाही. विचारायचं मात्र तिला बरंच असतं. दूध पुरतंय का? हे सारखं का रडतं? माझं मलाच रडू येतं, ते कशानं? आणि वर्ष-दीड वर्षानं, शेजारच्या पोरासारखा हा बोलत का नाही?

अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या अनेक दवाखान्यांनी या प्रश्नांसाठी माणसं नेमली आहेत. स्तनपान शिकवणारी समुपदेशक, मुलांच्या वर्तनाचं पाहणारा मानसतज्ज्ञ आणि ठरावीक दिवशी येणारे हृदयाचे, मेंदूचे, कानाचे तज्ज्ञ एकाच दवाखान्यात भेटतात. बाळ एक, दोन, चार आणि सहा महिन्यांचं असताना त्याच्या डॉक्टरनंच आईच्या नैराश्याची विचारणा करावी, अशी तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे हे ऐकून ‘त्यांच्याकडे पैसा आहे’ असं म्हणून विषय संपतो. पण बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवले, तर यातले बहुतेक सुटे भाग आपल्याकडेही आहेत, काही तर महाराष्ट्रातच जन्मलेले आहेत. ते एका दिवशी, एका जागी, त्या आईसमोर येत नाहीत, ही खरी अडचण आहे.

बारामतीत डॉक्टरांची वानवा नाही. बालरुग्णालयांच्या पाट्या जागोजाग दिसतात. सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय जुनं, महिला रुग्णालय वेगळं, आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला पुढे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय, भिगवणला ग्रामीण रुग्णालय, आणि त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रं, उपकेंद्रं, आशा, अंगणवाड्या. कालव्याखालचा बागायती पट्टा आणि सुपे-मोरगावकडचा जिरायती पट्टा यांच्यात उत्पन्नाचा फरक आहे, रस्त्यांचा तेवढा राहिलेला नाही. दवाखाना गाठणं बहुतेकांना जमतं. तिथं पोचल्यावर काय मिळतं, ते पाहू.

आधी दुधाचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. आधीच्या फेरीत हा आकडा ९०.३ होता. त्याच काळात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचं प्रमाण ५७.५ वरून ५३.२ टक्क्यांवर उतरलं. म्हणजे बायका दवाखान्यात जास्त येऊ लागल्या आणि पहिलं दूध उशिरा मिळू लागलं. सिझेरियनचं प्रमाण याच दोन फेऱ्यांत २०.१ वरून २५.४ टक्के झालं, हे त्याचं एक कारण असणार. पोटाला टाके, हाताला सलाईन, बाळ दुसऱ्या खोलीत, आणि आजीच्या हातात मधाचं बोट किंवा साखरपाणी. चिकाचं दूध वाया घालवू नये हे आता बहुतेकींना माहीत आहे. ते त्या पहिल्या तासात पाजायचं कसं, हे दाखवायला खाटेजवळ मोकळं माणूस नसतं.

दुसरा आकडा दिलासा देणारा आहे. सहा महिन्यांखालच्या, निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण ५६.६ वरून ७१ टक्क्यांवर गेलं. पण हा आकडा जपून वाचावा. सर्वेक्षणात विचारतात ते आदल्या दिवस-रात्रीबद्दल, आणि त्यात चार दिवसांचं बाळही मोजलं जातं, साडेपाच महिन्यांचंही. ७१ टक्के बाळं पूर्ण सहा महिने आईच्याच दुधावर राहतात, असा याचा अर्थ होत नाही. गळती मधेच होते, आणि तिचं कारण बहुधा एकच सांगितलं जातं: दूध पुरत नाही.

दूध खरोखरच न येणाऱ्या आया असतात, पण थोड्या. बाकीच्यांचा घोटाळा बहुधा पकडीत असतो. बाळानं नुसतं बोंड तोंडात धरलं तर आईला दुखतं, चिरा पडतात, दूध नीट ओढलं जात नाही आणि न ओढलेलं दूध हळूहळू आटतं. तोंड मोठं उघडून, हनुवटी टेकवून, खालचा काळा भाग जास्त आत घेतला की तेच बाळ गटागटा गिळू लागतं. मुंबईच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल आणि आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प यांनी हेच तंत्र मराठीसह अनेक भाषांतल्या चित्रफितींमधून नर्स आणि आशांपर्यंत नेलं. फोनवर फुकट पाहता येणारं हे प्रशिक्षण उत्तम आहे. तरी पाहणं आणि करणं यांत अंतर आहे. आईचा हात, बाळाची मान, उशीची उंची, हे कुणीतरी शेजारी बसून दुरुस्त करावं लागतं. त्याला वीस मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत ती डॉक्टरकडे नसतात, आणि त्यांनी ती काढावीत असा आग्रहही मी धरणार नाही. हे काम सिस्टरचं आहे.

पुरतंय की नाही, हे ठरवायच्या खुणा साध्या आहेत. पहिला आठवडा सरताना चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, दोन आठवड्यांच्या आत जन्माचं वजन भरून निघणं, पुढे रोज साधारण पंचवीस-तीस ग्रॅमची भर. लसीला आलेल्या बाळाचं वजन करून ते कार्डावरच्या आलेखावर टिपलं आणि आईला दाखवलं, तर अर्ध्या शंका जागेवर मिटतात. वजन होतंही. आईला ते उलगडून सांगणं राहून जातं.

घरापर्यंत जाणारी व्यवस्थाही आहे, आणि ती गडचिरोलीतून आली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. त्याच धर्तीवर २०११ पासून देशभर आशा घरी जाऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरल्या, आणि त्या सगळ्यांचे मिळून अडीचशे रुपये. एका भेटीचे बेचाळीसही होत नाहीत. तेवढ्यात तिनं बाळाचं तापमान पाहायचं, वजन करायचं, पाजणं तपासायचं, धोक्याची लक्षणं ओळखायची आणि फॉर्म भरायचा.

आणि मग माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. इंदापूरच्या सुनेचं माहेर करमाळ्यात किंवा माळशिरसमध्ये, बारामतीच्या सुनेचं फलटणला किंवा दौंडला. म्हणजे अनेकदा तालुका बदलतो आणि जिल्हाही. गरोदरपणाची नोंद सासरच्या आशाकडे, बाळंतपण माहेरच्या दवाखान्यात, दीड-दोन महिन्यांनी परत सासर. सासरची आशा म्हणते, बाई इथं नाही. माहेरची म्हणते, माझ्या यादीत नाही. मन लावून काम करणाऱ्या आशाताई फोनाफोनी करून दोरा जोडतात. पण तो त्यांचा चांगुलपणा झाला. ज्या सहा आठवड्यांत पाजण्याचं बसतं किंवा बिघडतं, नेमक्या त्याच सहा आठवड्यांत बाई दोन याद्यांच्या मधे असते. एवढी उघड रीत ध्यानात न घेता ही योजना आखली गेली, याचं नवल वाटतं.

या दोन तालुक्यांची आणखी एक खासियत म्हणजे दारातला गोठा. हा दुधाचा मुलूख. बारामतीच्या एमआयडीसीत श्रायबर डायनॅमिक्स, इंदापुरात सोनाई, गावोगाव संकलन केंद्रं. शहरातली आई पावडरच्या डब्याकडे वळते, इथं वरचं दूध गोठ्यातूनच येतं, आणि घरचं म्हणून त्यावर भरवसाही जास्त. वर्षाच्या आत गायीचं दूध हेच मुख्य अन्न झालं की लोह कमी पडतं. सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला, तोही आधीच्या फेरीतल्या ५३.८ वरून वाढलेला. याला कारणं अनेक आहेत, पातळ वरचं दूध त्यातलं एक. वरचं देणं खरंच भाग पडलं तर बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आजीच्या काळातलं बोंडलं बरं, कारण ते घासूनपुसून उकळता येतं.

डब्याविरुद्धची लढाई महाराष्ट्रानं आधीच लढलेली आहे. स्तनपानासाठी काम करणारी ‘बीपीएनआय’ ही देशव्यापी संघटना ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्थापन झाली. पुढच्याच वर्षी बालदुग्ध पर्यायांचा कायदा झाला आणि २००३ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा कुठल्याही पदार्थाच्या जाहिरातीला बंदी आली. डॉक्टरांना भेटवस्तू किंवा परिषदेचा खर्च देणंही त्यात बसत नाही. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली. २०१७ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर तीन पायऱ्या घालून दिल्या: मोठ्या रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत दूधपेढीसह संपूर्ण केंद्र, नवजात अतिदक्षता कक्ष असेल तिथं मातेचं दूध काढून साठवण्याची सोय, आणि प्रत्येक प्रसूतिस्थानी पाजण्यासाठी मदत. बारामतीचं महाविद्यालय पहिल्या पायरीवर बसतं, इंदापूर-भिगवण पुढच्या दोन पायऱ्यांवर.

कामावर जाणाऱ्या आईचं काय? कायदा तिच्या बाजूनं आहे: २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची पगारी रजा, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये शिवणयंत्रांवर बायका मोठ्या संख्येनं आहेत. तिथं हा कायदा निदान बोलायला तरी उपयोगी पडतो. उसाच्या फडात तोही नाही.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा. दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू झालं की या कारखान्यांच्या परिसरात बीड, पाथर्डी, परभणीकडच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस बुडाला की खाडा. ओली बाळंतीणही काही आठवड्यांत मोळ्या बांधायला उभी राहते. बाळ झोळीत, नाहीतर कोपीवर चार वर्षांच्या बहिणीच्या हवाली. तिला ‘मागेल तेव्हा पाजा’ हा सल्ला देणं क्रूर थट्टा आहे. लसीकरणाचा दिवस तिच्यासाठी खाड्याचा दिवस असतो. महाराष्ट्रात स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली अंगणवाड्यांसाठी आली आहे, म्हणजे मूळ गावातली नोंद मुक्कामाच्या गावात दिसावी. नोंद दिसली तरी फडावर जाणारं माणूस हवं, आणि तेही बाया कोपीवर परततात तेव्हा, संध्याकाळी. उपकेंद्राची वेळ सकाळची असते. ही वेळ बदलायला नवा निधी लागत नाही.

आता त्या तिसऱ्या प्रश्नाकडे, ज्यावर घरात कुणी बोलत नाही. माझं मलाच रडू येतं. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २५२ आयांना तपासलं होतं. त्यांतल्या ५९ जणींना, म्हणजे २३ टक्क्यांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले संबंध, मारहाण ही कारणं सापडलीच, शिवाय मुलगी झाल्यानं धोका वाढल्याचंही दिसलं. पुढच्याच वर्षी त्याच गटानं दाखवलं की नैराश्यातल्या आयांची बाळं सहा महिन्यांची होईतो वजनाला आणि उंचीला मागे पडण्याची शक्यता जास्त. म्हणजे बाळाचं वजन वाढत नाही म्हणून पावडर लिहून देणारा डॉक्टर कधीकधी चुकीच्या रुग्णाला तपासत असतो.

सहा ते आठ आठवडे हाच सहाव्या आठवड्याच्या लसीचाही सुमार आहे. एडिनबरा प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरात आहे, दहा प्रश्नांची, रांगेत बसल्याबसल्या भरता येण्यासारखी. सासू शेजारी बसलेली असताना मात्र ती भरून घेऊ नये. सगळी उत्तरं ‘छान आहे’ अशीच येतील. आणि होकार आला तर पुढे काय? गोव्याच्याच ‘संगत’ संस्थेनं शेजारपाजारच्या सामान्य बायकांना शिकवून, त्यांना ‘सखी’ म्हणत, नैराश्यातल्या गरोदर बायकांकडे पाठवलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण काहीसं वाढलं, फार मोठी क्रांती झाली नाही. मला हा प्रामाणिक निकालच जास्त भरवशाचा वाटतो. मानसोपचारतज्ज्ञ गावोगाव मिळणार नाहीत, तेव्हा थोडा फरक पाडणारी शिकलेली सखी हाच हाताशी असलेला उपाय आहे. आजार जास्त असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग आहेच. तिथं दाखल व्हायची वेळ आली तरी तीन वर्षांखालचं मूल आईपासून एरवी तोडू नये, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. हे फार थोड्या कुटुंबांना माहीत आहे, आणि दाखल करायच्या भीतीत मोठा वाटा या ताटातुटीचाच असतो.

मुलांच्या वर्तनाचा भाग सगळ्यांत विस्कळीत आहे. दोन वर्षांचं मूल बोलत नसलं की ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ हे उत्तर तयार असतं, आणि मोबाइल दिला की ते शांतही बसतं. तपासायची साधनं मात्र सोपी आहेत. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रानं केलेला सतरा टप्प्यांचा तक्ता अंगणवाडी सेविकाही काही मिनिटांत वापरू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्येच झाली. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि जन्मजात दोष, आजार, कमतरता, वाढीतली दिरंगाई शोधतात. सापडलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र निदान केंद्राकडे पाठवतात. इथं गाडं अडतं. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटर, इंदापूरहून त्याहून लांब. शस्त्रक्रिया एकदाच असते, तेवढ्यासाठी माणसं जातात. वाचाउपचार आठवड्याला दोनदा, महिनोन् महिने करायचे असतात. रोजंदारीवरचा बाप दोन खेपा करतो आणि थांबतो. फाइलवर ‘पाठपुराव्याला आले नाहीत’ असा शेरा पडतो, जणू दोष त्याचाच.

वर्तनाचाच पुढचा टप्पा म्हणून किशोरवयाबद्दल थोडक्यात. राज्यात किशोरांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. किती मुलं स्वतःहून तिथं जातात हे गावातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारावं. २०२४ च्या सप्टेंबरअखेर बारामतीत एका महाविद्यालयाच्या आवारात अल्पवयीन मुलांच्या हल्ल्यात विद्यार्थ्याचा जीव गेला, तेव्हा शहर हादरलं. मागोमाग पोलिसांचं शक्ती अभियान आलं, शाळा-महाविद्यालयांत तक्रारपेट्या लागल्या. ते हवंच होतं. पण मुलाचा राग पोलिसांपर्यंत पोचण्याआधी तो कुणीतरी ऐकावा, यासाठी त्याच जोमानं काही उभं राहिल्याचं दिसलं नाही.

तज्ज्ञांच्या बाबतीत एकच उदाहरण पुरे, कारण त्यात मुदत आहे. वेळेआधी जन्मलेल्या, दोन किलोंखालच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. पडद्याचा आजार वेळेत दिसला तर लेसरनं दृष्टी वाचते, उशीर झाला तर कायमचं अंधत्व. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयासारख्या संस्थांनी हे काम पुढे नेलं आहे. बाळ अतिदक्षता कक्षातून घरी सोडताना ही तारीख कागदावर ठळक लिहिलेली हवी आणि फोन करून आठवण करणारं माणूस हवं. अशी बाळं वाचल्यावरही काम संपत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९ या काळातली दोन किलोंखालची बाळं अठरा वर्षांची होईपर्यंत पाहिली. त्यांचा सरासरी बुद्ध्यांक बरोबरीच्या मुलांपेक्षा कमी भरला. एवढा दीर्घ पाठपुरावा शंभर किलोमीटरवर झाला, आणि त्यातलं शहाणपण इथल्या डिस्चार्ज कार्डावर अजून उतरायचं आहे.

माझं मत असं की या दोन तालुक्यांना आणखी एका मोठ्या इमारतीची गरज नाही. बारामतीच्या महाविद्यालयात, इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि लसीकरणाची गर्दी असलेल्या खासगी बालरुग्णालयांत लसीच्या दिवशी पडदा लावलेली एक खोली आणि शिकलेली एक सिस्टर हवी. तिनं पाजणं पाहावं, वजन समजावून सांगावं, आईला एकटीला दोन प्रश्न विचारावेत आणि वाढीचा तक्ता भरावा. वाचाउपचार आणि बालविकासाचा कक्ष बारामतीतच व्हावा. महाविद्यालय असलेल्या गावातून त्यासाठी पुण्याला पाठवणं पटत नाही. खासगी डॉक्टरांना हे परवडणार नाही असं म्हणतात. सिस्टरच्या सल्ल्याचे वेगळे पैसे लावले तर पालक देतील. पावडरच्या डब्याला ते देतातच. आणि आशाच्या भेटीचे पैसे बाई जिथं असेल तिथल्या आशाला मिळावेत, सासर-माहेर न पाहता.

हे होईल तेव्हा होईल. तोवर घरात लहान बाळ असेल तर पुढच्या लसीच्या तारखेला वजनाचा आलेख दाखवायला सांगा, आणि सिस्टरला म्हणा की पाजताना एकदा बघा. बाळ वेळेआधीचं असेल तर डोळ्यांच्या तपासणीची तारीख मागून घ्या. बाळंतीण गप्प झाली असेल, झोप उडाली असेल, बाळाकडे बघवत नाही म्हणत असेल, तर दृष्ट काढून थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.